मुराळी

ओट्यावरचा फोन थरथरला आणि मी गॅस बारीक केला. मला वाटलं, कुंदन खाली आला असेल. उद्या आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. आखाजीच्या आदल्या दिवशी माझा धाकटा भाऊ सकाळच्या गाडीने जळगावला येणार, हातपाय धुणार, जेवणार आणि मला घेऊन परत जाणार, हे कधी चुकलं नव्हतं. त्याच्यासाठी शेवभाजी शिजत होती. माझी बॅग भरून दाराशी उभी होती, आणि मीही जवळजवळ तशीच उभी होते, केस विंचरून, बाहेरची साडी नेसून. फोनवर त्याचा मेसेज होता. ‘अक्का, यंदा मला यायला जमत नाही. तूच ये. आई कालपासून जेवत नाहीये, तू आलीस तर जेवेल. लोकेशन टाकलंय.’ खाली नकाशाचा एक चौकोन आणि त्यात लाल खूण. मी तो मेसेज पुन्हा वाचला. मग शेवभाजीत डाव इतक्या जोरात आपटला की रस्सा भिंतीवर उडाला. लोकेशन टाकलंय म्हणे. जन्मभर जिला दारापासून दारापर्यंत पोचवलं, तिला आता एक लाल टिंब पाठवायचं आणि म्हणायचं, ये.

आमच्याकडे सासरी असलेली मुलगी आखाजीला आपण होऊन माहेरी जात नाही. मुराळी यावा लागतो. मुराळी म्हणजे माहेरून घ्यायला आलेला माणूस. बाप, भाऊ, कुणीच नसलं तर चुलतभाऊ, पण पुरुष. त्याला आधी जेवू घालायचं, त्याच्याबरोबर दोन घास आपण खायचे आणि मग त्याच्यामागून निघायचं. मुराळी आला नाही तर पोर वाट बघत बसते आणि गल्लीतल्या बायका तिला मुद्दाम विचारतात, काय गं, नाही आलं का कुणी? लग्नानंतरची काही वर्षं बापू, माझे वडील, यायचे, पांढरी टोपी, हातात कैऱ्यांची पिशवी. बापू थकले तसा कुंदन यायला लागला. लोक म्हणायचे, नशीबवान आहे रत्ना, जळगाव ते अमळनेर एवढंसं अंतर पण भाऊ घ्यायला येतो. मलाही तसंच वाटायचं, हीच तर चीड आहे. मी त्याला लाड समजत होते. बापू गेले, गेल्या आखाजीनंतर अमळनेरचं घर विकलं, आईला कुंदनने धुळ्याला आपल्या नव्या फ्लॅटमध्ये नेलं. तो फ्लॅट मी अजून पाहिलाही नव्हता. म्हणजे माहेर गेलं ते गेलं, आणि मी तिथं कुणाच्या तरी मागून पोचायची वाट बघत बसले होते.

जितेंद्रना ऑफिसात फोन केला. नवऱ्याला फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, तरी केला. ते म्हणाले, “आज कसं शक्य आहे? रविवारी सोडतो तुला.” मी म्हणाले, “आई कालपासून जेवलेली नाही.” ते म्हणाले, “एक-दोन दिवसांनी काय होतंय? म्हातारी माणसं करतात असं.” “मग मी जाते,” मी म्हणाले, आणि ते हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानेच हसले. “तू? एकटी? स्टँडवर धुळ्याची गाडी कुठे लागते ते तरी माहीत आहे का?” मला माहीत नव्हतं. तेच लागलं मला. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. मी फोन ठेवला, शेवभाजी डब्यात भरली, गॅस बंद केला, बॅग उचलली आणि दाराला कुलूप लावलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

स्टँडवर ऊन नुसतं ओतत होतं. वैशाखातलं जळगावचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. मी एका माणसाला विचारलं, धुळे? त्याने हनुवटीने दाखवलं. इतकंच होतं ते. एवढ्या वर्षांचं भय एका माणसाच्या हनुवटीइतकं होतं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीत बसले, खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला. मी म्हणाले, “धुळे. एक.” आयुष्यात पहिल्यांदा मी हे दोन शब्द असे शेजारी शेजारी म्हटले. त्याने माझ्या शेजारच्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “एकच?” “एकच,” मी म्हणाले, आणि ते इतकं तुटक निघालं की त्याने तिकीट देताना मान वर केली नाही.

पाळधी येईपर्यंत मी चांगली होते. राग मस्त पेटला होता. कुंदनला काय काय बोलायचं ते मनात एकामागून एक येत होतं आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा चांगलं जमत होतं. पाळधी गेली, दोन्ही बाजूला नांगरून टाकलेली काळी शेतं सुरू झाली, आणि एकदम राग उतरला. ही गाडी धुळ्यालाच जाते ना? बोर्ड मी नीट वाचला होता का? धुळ्याला उतरल्यावर कुठल्या बाजूला जायचं? फोनची बॅटरी संपली तर? पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा वळून का बघतोय? तेव्हा मला कळलं की राग आहे तोवरच भीती लांब राहते. चुलीत काटक्या सारतात तशी मी मग आठवणी आत सारायला लागले. एक संपली की दुसरी. मुद्दाम, शोधून शोधून.

पहिली आठवण अमळनेरची. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा बापूंनी कुंदनला माझ्याबरोबर लावून दिलं. त्याची शाळा त्याच रस्त्यावर होती. मी वेणी घातलेली धडधाकट मुलगी आणि तो हाफ पँटीतला, नाक पुसणारा पोरगा. मला सांभाळायला! रेल्वे फाटकापाशी एक कुत्रं असायचं. ते भुंकलं की कुंदन माझ्या ओढणीत तोंड लपवायचा आणि मी दगड उचलायचे. घरी गेल्यावर बापू त्याला विचारायचे, “अक्काला नीट आणलं ना?” आणि तो छाती काढून म्हणायचा, “हो.” मी तिथंच उभी असायचे. मी कधी म्हटलं नाही की दगड मी मारला. मला वाटायचं, असंच असतं. दगड मी मारायचा आणि आणायचं त्याने. एरंडोल येईपर्यंत ही आठवण पुरली.

मग मुलाखतीची. बी.ए. झाल्यावर धुळ्याला एका सरकारी नोकरीची मुलाखत आली होती. मी महिनाभर पाठ करत होते, आरशासमोर बोलून बघत होते. आदल्या दिवशी बापूंना ताप चढला. आता एकटी कशी जाशील, आई म्हणाली. मी म्हणाले, कुणाला तरी विचारेन. आई म्हणाली, “कोणाला? परक्या माणसाला?” तिने तो शब्द असा उच्चारला की मला परकी माणसं डोळ्यांसमोर दिसली, मोठमोठे हात असलेली, स्टँडवर रांगेने उभी. मी गेले नाही. बापूंचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. माझी मुलाखत बापूंच्या तापात गेली, आणि घरात त्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही, मीसुद्धा. आज ती आठवली तेव्हा मी खिडकीच्या गजाला इतकं घट्ट धरलं की तळव्याला गंज लागला.

आणि सगळ्यात मोठी गंमत तर पुढे. लग्नानंतर कधी जितेंद्रना यायला जमलं नाही की ते मला जळगाव स्टेशनवर डब्यात बसवून द्यायचे. समोर बसलेल्या कुणालाही म्हणायचे, “जरा लक्ष ठेवा हं. अमळनेरला उतरायचंय यांना, तिथं घ्यायला येतील.” तो माणूस मान हलवायचा. मग पूर्ण वेळ तो माझ्यावर लक्ष ठेवायचा. कुठलं गाव, कोणाच्या तुम्ही, पाणी हवं का. ज्या परक्या माणसांना घाबरायला मला शिकवलं, त्यांच्याच ताब्यात मला देऊन घरची माणसं निर्धास्त झोपायची! हे इतकं उघड होतं आणि मला आज, एरंडोलच्या पुढे, एकटीला बसल्यावर दिसलं. मी मोठ्याने हसले. शेजारच्या बाईने दचकून पाहिलं. नाकात फुली, मांडीवर गाठोडं. तिला आता विषय मिळाला.

“कथा जाई ऱ्हायनी माय?”

“धुळ्याला.”

“एकलीच?”

“एकटीच! का? एकटीने बसलं तर गाडी चालत नाही का?”

तिने गाठोड्यातून दोन लिंबाच्या गोळ्या काढल्या, एक स्वतः खाल्ली, एक माझ्या सीटवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी ती गोळी घेतली नाही. परक्याने दिलेलं खायचं नाही, आईचं वाक्य. पाणी प्यायचं नाही, हेही आईचं वाक्य. वाटेत जायला लागलं तर कुठे जाशील? म्हणून बायकांनी कोरड्या घशाने प्रवास करायचा. आई आखाजीच्या भर उन्हात माहेरी जायची, तापीपलीकडे, शिरपूरच्या बाजूला, चुडामणमामा तिला घ्यायला यायचा. लहान असताना मीही बरोबर असायचे. मामा वाटेत उसाचा रस प्यायचा आणि आम्ही दोघी त्याला पिताना बघायचो. मला रस हवा असायचा. आई माझा हात दाबायची. तिचे ओठ पांढरे पडलेले असायचे आणि ती म्हणायची, आता आलंच गाव. पारोळ्याच्या अलीकडे मी बॅगेतून बाटली काढली आणि घटाघटा प्याले, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत, कुणाची तरी खोडी काढावी तशी. आणि मग ती गोळीही तोंडात टाकली.

व्हायचं तेच झालं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मला बसवेना. कंडक्टर म्हणाला, लवकर या. मी बॅग घेऊन उतरले, बोर्ड शोधला, आत जाऊन आले, बाहेर येते तर गाडी मागे येऊन वळत होती. पाय जमिनीला चिकटले. हीच ती गोष्ट होती जिला मी जन्मभर घाबरत आले. अनोळखी गाव, गेलेली गाडी, हातात बॅग आणि कोणी नाही. मग मी पळाले. या वयात, या अंगाने, साडी गुडघ्यापर्यंत उचलून मी पळाले आणि गाडीच्या पत्र्यावर हात आपटत ओरडले, “थांबव! थांबव म्हणते ना!” गाडी थांबली. मी चढले. कंडक्टर म्हणाला, “ताई, मी तुम्हालाच बघत होतो.” शेजारच्या बाईने माझ्या जागेवर आपलं गाठोडं ठेवलं होतं, ते उचललं. कुणी हसलं नाही. मला मात्र रडू येत होतं, आणि रडण्याइतकाच रागही, कारण काही झालं नव्हतं. गाडी चुकली असती तर दुसरी आली असती. इतकंच. मला आयुष्यात कधीच काही झालं नव्हतं. काही झालं असतं तर भीतीला निदान कारण असतं. मला नुसतीच दिली होती ती, दागिन्यासारखी, कानात भोक पाडून.

आणि देणारी कोण? बापूंनी नाही दिली. बापूंना बोलायलाच यायचं नाही. जितेंद्रनी नाही, त्यांना तयार मिळाली. आईने दिली. रोज थोडी थोडी, तेल लावताना, वेणी घालताना. धुळ्याचे कारखाने दिसायला लागले तोवर माझा सगळा राग कुंदनवरून निघून आईवर जाऊन बसला होता. मी ठरवलं, आधी तिला जेवू घालीन, मग विचारीन. तिच्यासमोर बसून विचारीन, काय मिळालं तुला? तू स्वतः घाबरलीस ते घाबरलीस, मला का शिकवलंस?

धुळ्याला रिक्षावाल्याला फोनमधलं लाल टिंब दाखवलं. तो म्हणाला, देवपूरच्या पुढची नवी कॉलनी दिसते. पांझरेचा पूल ओलांडला. नदीत पाणी कमी, दगड जास्त. कॉलनीत सगळ्या इमारती एकाच रंगाच्या. फोनचा नकाशा एका रिकाम्या प्लॉटवर नेऊन म्हणाला, तुम्ही पोचलात. समोर बाभळी आणि सिमेंटच्या गोण्या. मी त्या टिंबाला शिवी दिली, खरीखुरी, मोठ्याने. मग वाळत घातलेल्या कुरडया उलटणाऱ्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, “कुंदनभाऊ? ज्यांची आई ओरडते ते? तो तिसरा मजला.”

ज्यांची आई ओरडते ते.

दार कुंदननेच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती. तो म्हणाला, “आलीस? एकटी आलीस?” आणि मी काही बोलायच्या आत त्याच्यामागे मला आतल्या खोलीचं दार दिसलं. बाहेरून कडी घातलेली.

“आई कुठे आहे?”

“अक्का, आधी ऐक—”

“कुंदन, आई कुठे आहे?”

“ती निघून जाते गं!” तो एकदम ओरडला. “मागच्या आठवड्यात नदीपर्यंत गेली होती. पिशवी घेऊन. रस्त्यात उभी होती, ट्रक अंगावर आले तरी हलेना. सारिका दिवसभर एकटी असते, ती कुठवर पुरणार? मी जळगावला आलो असतो आणि मागे ही गेली असती तर? आखाजी जवळ आली तसं तिचं एकच चाललंय, मुराळी येणार, मुराळी येणार. आला नाही म्हणून जेवत नाही. कुठून आणू मी मुराळी? चुडामणमामाला जाऊन किती वर्षं झाली!”

“हे मला का नाही सांगितलंस?”

“तू घाबरली असतीस,” तो म्हणाला.

मी त्याला बाजूला सारलं आणि कडी काढली. आई पलंगाच्या कडेला बसली होती. डोक्यावर पदर, ठेवणीतलं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हातांनी गच्च धरलेली. ओठ पांढरे. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या मागे बघत होती, मागून आणखी कुणी येतंय का ते. मी म्हणाले, “आई, मी रत्ना.” तिने नुसती मान हलवली, ओळख नसलेल्या माणसाला हलवतात तशी. मग मला कळलं. ज्या बाईशी मला भांडायचं होतं ती या घरात नव्हती. ती माझ्या प्रश्नांच्या उत्तरांसकट कुठेतरी निघून गेली होती, आणि मी मात्र माझा सगळा राग बॅगेसारखा उचलून इथपर्यंत आले होते. मला इतका संताप आला की मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

“चुडामण काबर नही उना?” आईने विचारलं.

मी तिच्या भाषेत, अहिराणीत, कित्येक वर्षांत बोलले नव्हते. “तो नही उना. मी उनू.” तो नाही आला, मी आले.

“तू?” तिने मला खालीवर पाहिलं. बाईला मुराळी म्हणून पाठवल्याच्या रागाने तिचा चेहरा तांबडा झाला. “बाईमानूसले कोनी मुराळी धाडस का?”

“कोनी नही धाडं. मीच उनू. जळगावथून.”

“कोनासंगे?”

“एकलीच.”

बाहेर कुकरची शिट्टी झाली. तिने पिशवी थोडी सैल सोडली आणि खालच्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “भ्याव नही वाटना?”

“वाटना,” मी म्हणाले. “खूब वाटना.”

“मंग?”

“मंग काय. उनू.”

आईने पिशवी पलंगावर ठेवली. उठली, पदर खोचला आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्या भावजयीला, सारिकाला, मालकिणीच्या आवाजात म्हणाली, “ताट वाढ वं. मुराळीले पहिले जेवाड.” सारिका रडत रडत धावली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. आमरस होता, पोळ्या होत्या, माझी शेवभाजी होती. आईने मला आधी घास घ्यायला लावला आणि मग स्वतः घेतला. मुराळीबरोबर दोन घास खायचे असतात. तिने दोन नाही, दोन पोळ्या खाल्ल्या, वाटीतला रस बोटाने पुसून खाल्ला, वर तांब्याभर पाणी प्यायली. कुंदन चौकटीत उभा राहून बघत होता. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं दिसलं. त्याने मला खुणेने बाहेर बोलावलं.

“सुटलो बाबा,” तो हळूच म्हणाला. “जेवली. आता जरा पडेल आणि उठल्यावर विसरेल. मी कडी लावून घेतो.”

मी वळून पाहिलं. आई चूळ भरून आली होती. चपला घालत होती, उजव्या पायातली डाव्या पायात, पिशवी खांद्याला. तिने मला जेवू घातलं होतं. माझ्याबरोबर जेवली होती. आता मुराळी निघतो आणि त्याच्यामागून आपण निघायचं असतं, हे एवढं एकच तिला पक्कं ठाऊक उरलं होतं, आणि आम्ही शिकली-सवरलेली माणसं तिला चकवून आत ढकलणार होतो. माझ्यासारखीच. तिच्या भल्यासाठी. मघापासून ज्याला जागा मिळत नव्हती तो राग एकदम पायांत उतरला. मी खाली बसून तिच्या चपला नीट घातल्या आणि माझी बॅग उचलली.

“अक्का! कुठे नेतेस?”

“तिच्या माहेरी.”

“डोकं फिरलंय का? तिथं कोण आहे आता? घर तरी उभं आहे की नाही कुणाला माहीत! आणि ती वाटेत हात सोडून पळाली तर? तुला तो रस्ता तरी ठाऊक आहे का?”

“ती पळत नव्हती, कुंदन. जात होती. मी धरून ठेवीन हात. बघून येऊ, काय आहे तिथं ते. नसेल काही तर नसेल, पण तिला बघू तर दे!”

“मी गाडी बोलावतो, मी येतो बरोबर, थांब—”

“तू थांब,” मी म्हणाले. “झोप जरा. पोचलो की लोकेशन टाकते.”

जिना उतरताना आईने कठडा धरला नाही, माझं मनगट धरलं. तिची पकड कडक होती. खाली ऊन तसंच होतं. कुरडयांवाली बाई सावलीला बसून आमच्याकडे टक लावून बघत होती. कॉलनीच्या तोंडाशी रस्ता दोन बाजूंना फुटत होता, आणि आपण मघाशी कुठल्या बाजूने आलो ते मला आठवेना. आई थांबली. तिने आधी एका रस्त्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या, मग माझ्याकडे, आणि तिचे डोळे एकदम भरले.

“वाट माहीत शे ना तुले?”

आजवर मला घेऊन जाणारा प्रत्येकजण या प्रश्नाला हो म्हणत आला होता, माहीत असो नसो.

“नही,” मी म्हणाले. “इचारत जाऊत.”